विलायतच्या पार्लमेंटांतील खाणकामगार कोठें गेले?

मताचा हक्क मिळाला म्हणजे राज्य हातीं आलें, अशी पुष्कळांची भोळी समजूत असते. ज्या विलायतेहून पार्लमेंटाची ही रीत आमच्याकडे आली, तेथल्या कष्टकऱ्यांची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनीं एकदां ऐकावी.

१८३८ सालीं तेथील कामकऱ्यांनीं ‘चार्टर’ नांवाचा सहा मागण्यांचा जाहीरनामा काढला. प्रत्येक पुरुषास मत असावें ही मागणी त्यांत होतीच. पण दुसऱ्या दोन अधिक विचार करण्यासारख्या आहेत. सभासद होण्यास मालमत्तेची अट नसावी, आणि सभासदास पगार असावा. विणकऱ्यानें माग सोडून लंडनला जाऊन बसावयाचें, तर मागें घरची चूल कशानें पेटणार? मालमत्तेची अट १८५८ सालीं गेली. पगारासाठीं मात्र १९११ साल उजाडावें लागलें, आणि तोही सुखासुखी मिळाला नाहीं. कामगार संघांनीं आपल्या वर्गणींतून राजकारणासाठीं पैसा खर्च करूं नये, असा निकाल १९०९ सालीं वरिष्ठ न्यायाधीशांनीं दिला. संघाच्या पैशावर राहणाऱ्या गरीब सभासदाच्या तोंडचा घासच गेला! त्यानंतर ओरड झाली, तेव्हां सालिना ४०० पौंड वेतन सुरू झालें.

त्यापूर्वींच १८७४ सालीं थॉमस बर्ट व अलेक्झांडर मॅकडॉनल्ड हे दोन खाणकामगार निवडून आले होते. बर्ट दहाव्या वर्षीं खाणींत उतरलेला. १८९२ सालीं केअर हार्डी आला, तोही खाणींतलाच. सभासदांचा ठरीव पोशाख न घालतां तो साध्या कपड्यांत सभागृहांत गेला, तर त्याच्या भाषणापेक्षां टोपीचीच चर्चा अधिक झाली.

पण असला माणूस तेथें बसून करतो तरी काय? अनायरिन बेव्हन तेराव्या वर्षीं शाळा सोडून कोळशाच्या खाणींत गेला. त्याच्या ट्रेडेगार गांवीं कामगार आपल्या मजुरींतून थोडे थोडे पैसे कापून देत, व त्यांतून डॉक्टर, औषध आणि दवाखाना यांची सोय होई. पुढें १९४५ सालीं हा बेव्हन आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ पासून साऱ्या देशास विनामूल्य औषधोपचार मिळूं लागला. त्याचा मुख्य प्रधान अ‍ॅटली ऑक्सफर्डला शिकलेला बॅरिस्टर होता, हेंही सांगितलें पाहिजे. शिकलेला तो कष्टकऱ्याचा वैरीच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण दवाखान्याच्या दारांत रिकाम्या खिशानें उभें राहणें म्हणजे काय, हें ट्रेडेगारच्या माणसाला कोणी शिकवावें लागलें नाहीं.

आतां पुढची गोष्ट ऐका. १९७९ सालच्या पार्लमेंटांत मोठ्या पक्षांचे ९८ सभासद पूर्वीं अंगमेहनतीचें काम केलेले होते. २०१५ सालीं असे १९ उरले. खाणी बंद पडल्या, संघांचा जोर ओसरला, अंगमेहनत करणारे देशांतच कमी झाले, हें सारें खरें. तथापि ते इतके कांहीं कमी झाले नाहींत! मजूर पक्षानेंच आपलीं तिकिटें विद्यापीठांतून निघून पुढाऱ्यांच्या कचेऱ्यांत वाढलेल्या मंडळींस वांटण्याचा परिपाठ पाडला. शिवाय निवडून येण्यापूर्वीं महिनेच्या महिने मतदारांत हिंडावें लागतें, आणि त्या दिवसांचा पगार १९११ चा ठराव कोणास देत नाहीं.

मतदारावर याचा परिणाम काय झाला, याचा शोध तेथील विद्वानांनीं घेतला आहे. ऑलिव्हर हीथ यांनीं १९६४ ते २०१० पर्यंतच्या निवडणुका तपासल्या. पक्षांत कामकरी वर्गाचीं माणसें कमी होत गेलीं, तसतसे कामकरी मतदार घरीं बसूं लागले, असें त्यांस दिसलें. जेफ्री इव्हान्स व जेम्स टिली यांनीं २०१७ सालच्या ग्रंथांत हेंच मांडलें: पूर्वीं कामकरी एका पक्षास व पैसेवाला दुसऱ्यास मत देई, आतां पैसेवाला मत देतो, आणि कामकऱ्यांपैकीं पुष्कळ मतदानासच जात नाहींत. याला कोणी आळस म्हणेल. आपल्यासारखा एकही चेहरा ज्या सभेंत दिसत नाहीं, तिच्यासाठीं दिवसाचा रोज कोण बुडवील? २०२४ सालीं शंभरांतून साठच मतदार मतदानास गेले, आणि त्यांतल्या जेमतेम ३४ टक्के मतांवर मजूर पक्षास ६५० पैकीं ४११ जागा मिळाल्या.

लायक माणूस पाठवा, त्याचा धंदा व जात काय पाहतां, हा उपदेश आम्हांस नवा नाहीं. १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई कायदेमंडळांत मराठे व तत्सम जातींसाठीं ७ जागा राखल्या गेल्या, तेव्हांही तो ऐकावयास मिळाला होता. त्या उपदेशकांनीं जर्मनीकडे पाहावें. तेथें पगारदार सभासद आहेत, प्रमाणशीर मतदान आहे, म्हणजे विलायतेसारखा जागांचा घोटाळाही नाहीं. सरकारच्या दारिद्र्य व संपत्तीविषयींच्या अहवालासाठीं लेआ एल्सेसर, आर्मिन शेफर व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ ते २०१५ या काळांत लोकांस विचारलेले अडीचशेंवर प्रश्न घेतले, आणि कोणाचें मत काय होतें व पार्लमेंटानें पुढें काय केलें, हें ताडून पाहिलें. श्रीमंतांच्या इच्छेशीं निर्णय जुळत होते; गरीब व श्रीमंत यांचीं मतें जेथें भिन्न, तेथें गरिबांच्या मताचा निर्णयावर परिणाम दिसेना. सरकारी मसुद्यांत हा निष्कर्ष आला होता. पण खात्याखात्यांतून मसुदा फिरला, आणि त्यांतलीं नेमकीं तीं वाक्यें गाळलीं गेलीं. २०१६ च्या डिसेंबरांत एका वर्तमानपत्रानें तें उघडकीस आणलें, तेव्हां लोकांस कळलें.