कलम कोणते लागले, त्यावर सुटका ठरते

"खून तो खूनच, त्याला जात कशाला चिकटवता?" हा प्रश्न आम्हाला भिवंडीत चहाच्या टपरीपासून वकिलांच्या टेबलापर्यंत सगळीकडे ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांत आपलेही शिकलेले तरुण असतात. त्यांना आमचे उत्तर एकच आहे. कायद्याच्या पुस्तकात खून कधीच नुसता खून नसतो. त्याचा वर्ग ठरतो, आणि गुन्हेगार किती वर्षे आत राहील, कधी बाहेर येईल हे त्या वर्गावर ठरते.

हा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. जन्मठेप म्हणजे कायद्याने मरेपर्यंतची कैद. मात्र शिक्षा कमी करण्याचा अधिकार सरकारला आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेपेच्या कैद्याला किमान 14 वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. त्यापुढे महाराष्ट्रात गृह विभागाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वर्गवारी होते. बेत आधी रचला होता का, एकट्याने मारले की टोळीने, क्रूरता किती होती, हे पाहून कुणाला 22, कुणाला 24, कुणाला 26 वर्षे लागतात. त्यात मिळालेली सूटही धरली जाते. एकाच कलमाखाली आत गेलेल्या दोघांच्या सुटकेत असे वर्षांचे अंतर पडते. ते अंतर पाडणारे शब्द पहिल्यांदा पोलीस ठाण्यात लिहिले जातात.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना जमावाने ठार केले. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरवले. 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची सक्तमजुरी दिली. दोन्हीकडे हा सूडाचा गुन्हा ठरला, जातीचा नाही. फाशी टळली याचे आम्हाला दुःख नाही. आमचा आक्षेप त्या 'सूड' शब्दाला आहे. एका दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली, त्या प्रकरणात या मायलेकी साक्षीला उभ्या राहिल्या. साक्ष दिली म्हणून दलित बाईचे अख्खे घर संपवण्याची हिंमत गावात कुठून येते? त्या हिंमतीचेच नाव जात आहे.

हा वाद फक्त शब्दांचा नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातली दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. तिच्या कलम 15 अ ने पीडितांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना जामीन, सुटका, पॅरोल आणि शिक्षेच्या सुनावणीत बोलण्याचा हक्क दिला. पण मुळात हा कायदाच लागला नाही, तर हा हक्क मागणार कशाच्या जोरावर?

विचारलेच नाही तर काय होते, ते बिल्किस बानो प्रकरणात देशाने पाहिले. खटला मुंबईत चालला, शिक्षा मुंबईत झाली. तरी 15 ऑगस्ट 2022 रोजी गुजरात सरकारने 11 दोषींना सोडले. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, हा अधिकार महाराष्ट्राचा होता असे सांगितले आणि दोषींना परत तुरुंगात जावे लागले. त्यासाठी एका बाईला पुन्हा दिल्लीपर्यंत लढावे लागले.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. वर्चस्ववाल्याचा गुन्हा लिहिताना व्यवस्था शब्द सौम्य करते, आणि यंत्रमागावर, गोदामात रोजंदारी करणाऱ्या पोराचा गुन्हा लिहिताना तोच शब्द चढवते. चार जणांनी लुटले तर जबरी चोरी, पाचवा जोडला की दरोडा, आणि दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. महाराष्ट्रात 1981 चा एक कायदा आहे, त्यात माणसांचा एक वर्गच 'झोपडपट्टीदादा' नावाचा आहे. त्याखाली खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येते. 'बंगलादादा' कुठल्या कायद्यात सापडतो का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 म्हणते, आधी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला तर त्याला सोडावे. पण गुन्ह्याला जन्मठेप असली किंवा दुसरा खटला चालू असला, की ही सवलत गेली. म्हणून एक जास्तीचे कलम म्हणजे आधारवाडीत किंवा ठाण्याच्या तुरुंगात आणखी काही वर्षे.

मुदतपूर्व सुटकेला आमचा विरोध नाही. माणूस बदलतो यावर बुद्धाच्या वाटेने चालणाऱ्यांचा विश्वास असलाच पाहिजे. अंगुलिमालालाही वाट मिळाली. आमची मागणी एवढीच, की माप सगळ्यांना एक असावे, सुटकेच्या आदेशात कारणे लिहावीत आणि पीडितांचे ऐकूनच निर्णय व्हावा.

तरुणांनो, मेणबत्ती मोर्चा आठव्या दिवशी काढा, पण पहिल्या रात्री पोलीस ठाण्यात हजर राहा. फिर्याद वाचून घ्या, प्रत मागा. कलम 3(2)(पाच) लागले का ते पाहा. आरोपीला पीडिताची जात माहीत होती एवढे आता त्याला पुरते, आणि तो कुटुंबाला ओळखत असेल तर जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, तेही विचारा. आपला पोरगा आरोपी असेल तेव्हाही असेच जा, आणि खोटे कलम चढू देऊ नका. वीस वर्षांनी तुरुंगाचे दार कुणासाठी उघडेल, ते त्या रात्रीच्या कागदावर लिहिलेले असते.

जयभीम!