हट्ट उडत्या थव्याचा



भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला नेणाऱ्या होड्यांवर सरसकट बंदी घाला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. तिथल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर होड्या चालवणारे बहुतेक मच्छीमार; पक्षी आले तरच हंगाम चालतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पक्ष्यांना त्रास होतो तो गिऱ्हाइकांच्या उडत्या थव्याच्या फोटोच्या हट्टापायी. रोहित पक्षी चोच उलटी बुडवून गाळातले बारीक जीव गाळून खातो. हे काम संथ, तासन्‌तास चालणारे. होडी थेट अंगावर आली की त्याला पाण्यावर धावत उड्डाण घ्यावे लागते, खाणे मोडते ते वेगळेच. दर होडीमागे हेच घडले तर त्याने पोट भरायचे कधी?

‘इंजिन बंद केले की झाले’ असेही सांगितले जाते. आवाज थांबतो, अंतर मात्र कमी होतच राहते. सगळ्या माना वर झाल्या, थवा एका दिशेने चालू लागला, की तिथेच थांबावे. एवढे ओळखायला पक्षितज्ज्ञ असावे लागत नाही. पण गिऱ्हाईक ‘अजून जवळ’ म्हणाले तर बक्षिसीवर नजर असलेला नावाडी नाही कसा म्हणणार? तेव्हा अंतराचा नियम होडी सुटण्याआधी धक्क्यावरच सांगावा, आणि छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांनी हुसकावून उडवलेले थवे बाद करावेत.

— एक वाचक, पुणे