गाडी रस्त्यात बंद पडते? पार्ट बदलायची घाई करू नका



मागच्या व्हिडिओत डिलिव्हरीच्या खर्चावर बोललो, पण एक गोष्ट सांगायची राहिली. खरं तर टाळलीच, कारण त्यात चूक माझी होती.

आमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान. सांगलीहून मिरजेला माल पोचवायला एक जुनी 100 सीसीची कार्ब्युरेटरवाली बाइक आहे. उन्हाळ्यात ती विश्रामबागच्या आसपास बंद पडायला लागली. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. आणि दुकानात आणून किक मारली तर पहिल्याच किकला चालू! मला वाटलं, पोरगा चहाला थांबतो आणि गाडीचं नाव सांगतो. तसं त्याला बोललो, वर अर्ध्या दिवसाचा पगारही कापला.

तरी मनात शंका होती म्हणून नवा प्लग टाकला. फरक नाही. कार्ब्युरेटर साफ करून घेतला. फरक नाही. कुणीतरी म्हणालं कॉइल गरम झाली की करंट सोडते, म्हणून कॉइल बदलली. जवळपास दोन हजार गेले. दहा टक्के मार्जिन धरलं तर ही वीस हजारांच्या विक्रीची कमाई आहे राव! आणि उशिरा येणाऱ्या मालाला कंटाळून एक कस्टमर दुसरीकडे गेला, तो वेगळाच.

माझं स्पष्ट मत आहे की रिपेअरिंग मेकॅनिककडे द्या, पण बिघाड कशात आहे हे शोधायचं काम मालकाने एकदा तरी स्वतः करावं. बीबीए करताना मला कुणी पाना हातात दिला नव्हता, तरी जमलं. इंजिनला मुळात तीनच गोष्टी लागतात: हवा मिसळलेलं पेट्रोल, स्पार्क आणि कॉम्प्रेशन. गाडी थंड झाल्यावर नीट पळतेय म्हणजे कॉम्प्रेशनचा संशय जरा मागे ठेवता येतो. राहिले दोन. पण हे तपासायचं कधी? गाडी बंद पडलेली असते तेव्हाच. मी मात्र ती दुकानात आणून, थंड करून तपासत होतो. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे गेल्यासारखं!

एका रविवारी प्लगपाना, पक्कड आणि एक रिकामी बाटली घेऊन स्वतःच निघालो. ठरल्याप्रमाणे बंद पडली. आधी स्पार्क पाहिला. पेट्रोल कॉक बंद केला, प्लग काढून कॅपमध्ये बसवला, इन्सुलेटेड पकडीने धरून प्लगच्या भोकापासून लांब इंजिनच्या धातूला टेकवला आणि किक मारली. निळा, ठणठणीत स्पार्क. म्हणजे कॉइलचे पैसे पाण्यात. (हे काम नेहमी पेट्रोलला हात लावायच्या आधी करा. सांडलेल्या पेट्रोलजवळ स्पार्क नको, आणि बघायला जमलेल्यांच्या हातात बिडी नको.)

मग प्लग परत बसवला, चावी बंद केली, इंजिन थोडं निवू दिलं, कॉक उघडला आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल केला. बाटलीत चार थेंब पडले आणि धार थांबली. टाकी अर्धी भरलेली, तरी खाली पेट्रोल नाही! टाकीचं झाकण उघडलं तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि खाली धार सुरू झाली.

झाकणात हवा आत जायला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा यावी लागते. आमचं भोक धूळ आणि पॉलिशने बुजलं होतं. टाकीत निर्वात झालं की पेट्रोल अडायचं. थांबलं की फटीतून हळूहळू हवा शिरायची आणि गाडी चालू व्हायची. पंक्चरवाल्याकडे झाकणावर हवा मारून घेतली. काम संपलं. त्याने पैसेही घेतले नाहीत.

आता खरी लाज वाटण्याची गोष्ट. संध्याकाळी पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “दादा, मी म्हणालो होतो ना, पेट्रोल बघायला झाकण उघडलं की गाडी लगेच चालू होते.” खरंच म्हणाला होता. त्याच दिवशी मी त्याचा पगार कापला होता.

तुमच्याकडे 2020 नंतरची बीएस-6 गाडी असेल तर ती बहुतेक फ्युएल इंजेक्शनची असेल. तिथे ड्रेन स्क्रूचा प्रयोग नाही. बॅटरी, प्लग, एअर फिल्टर बघा, मीटरवरचा इंजिनचा दिवा लागलाय का बघा आणि पुढे मेकॅनिककडे जा. पण जाताना किती किलोमीटरवर बंद पडली, गरम होती की थंड, किती वेळाने चालू झाली, हे लिहून न्या. आणि हे सगळं रोज गाडी चालवणाऱ्याला विचारूनच लिहा.

पोराचे कापलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले. तो कस्टमर अजून परत आलेला नाही. पुढच्या आठवड्यात मिरजेला त्यांच्या दुकानात जाऊन येणार आहे.