खोक्यामागचं डोकं

साउंडबार घ्यायचा असला की आपण काय करतो? दहा रिव्ह्यू वाचतो, चार व्हिडिओ बघतो, ऑफिसातल्या गॅजेटगुरूला पिडतो आणि सेल लागला की ऑर्डर टाकतो. या सगळ्या धावपळीत एकाच पार्टीला कुणी मत विचारत नाही... आपल्या कानांना! घरच्या घरी स्पीकर बनवण्याची गंमत नेमकी इथेच आहे. इथे स्टार रेटिंग नसतं. आवाज बरा की वाईट, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

आधीच सांगून टाकते, पैसे वाचवायला म्हणून या भानगडीत पडू नका. ड्रायव्हर (म्हणजे तो कोनवाला गोल भाग, ज्याला आपण स्पीकर म्हणतो), लाकूड, वायर, कटाईची मजुरी... पहिल्या जोडीचा हिशेब बऱ्याचदा दुकानातल्या तयार जोडीच्या आसपासच जातो. वर चार-पाच रविवार खर्ची पडतात ते वेगळेच.

मग मिळतं काय? एक छोटा प्रयोग करा. नुसता ड्रायव्हर हातात धरून गाणं लावा. आवाज चिरका, बेस गायब. आता जाड पुठ्ठ्याला मापाचं भोक पाडून तो त्यात बसवा. बेस परत आला ना? कारण साधं आहे. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मध्ये आडोसा नसला की या दोन लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून खोकं लागतं (राजकारणातलं नव्हे, लाकडाचं!).

हे खोकं म्हणजे नुसतं कव्हर नाही, बॉस. 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं कामाला लावलं आणि छोट्या स्पीकरमधून खोल बेस काढून दाखवला. दुसरा प्रकार भोकवाल्या खोक्याचा, म्हणजे बेस रिफ्लेक्सचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तेच तत्त्व. कुठल्या ड्रायव्हरला किती लिटरचं खोकं लागेल याचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकात ते पुढे नेलं. आज डेटाशीटवरचे थील-स्मॉल आकडे विनआयएसडीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले की पाच मिनिटांत उत्तर हजर. थोडक्यात काय, डेटाशीट नसलेला ड्रायव्हर कितीही स्वस्त मिळाला तरी नको!

पहिल्या जोडीसाठी एकच फुल-रेंज ड्रायव्हर घ्या. वूफर आणि ट्विटर वेगळे घेतले की जाडा-बारीक आवाज वाटून देणारं क्रॉसओव्हर सर्किट आलं, आणि तिथे नवशिक्याच्या डोक्याला शॉट लागतो. वायर, टर्मिनल वगैरे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळून जाईल. 18 मिलिमीटरचं एमडीएफ प्लायवाल्याकडूनच मापात कापून आणा. त्याचा भुसा फार बारीक असतो, तेव्हा घरी घासताना तोंडाला मास्क हवाच. आणि सांध्यांतून हवा गळता कामा नये.

जोडण्याआधी 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल ड्रायव्हरला क्षणभर लावून बघा. प्लसला प्लस लागला की कोन सहसा बाहेर येतो. दोन्ही ड्रायव्हर एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक उलटा जोडला गेला, तर बेस पुन्हा गुल आणि गायक समोर बसण्याऐवजी खोलीभर पांगलेला!

आता खरी परीक्षा. रिमिक्स लावू नका, त्याचा मूळ आवाज कसा होता हे कुणाला माहीत असतं? तानपुरा लावा. तारा मोकळ्या झंकारतायत की नुसतीच भुणभुण ऐकू येतेय? मग तबल्याचा डग्गा. घिस्सा घेताना सूर सरकतो, तो सरकताना ऐकू यायला हवा. प्रत्येक थापेला एकच 'धुम्म' येत असेल, तर खोकं किंवा त्याची जागा बिनसली समजा. शेवटी माणसाचं साधं बोलणं. बीबीसीचे इंजिनीअर प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाशी स्पीकर ताडून बघायचे. 1970च्या दशकातला त्यांचा एलएस 3/5ए हा चिमुकला स्पीकर तर प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून जन्मला, आणि आजही शौकीन त्याच्यावर जीव टाकतात.

दोन स्पीकरची तुलना करताना आवाज मात्र सारखा ठेवा. जरासा मोठा वाजणारा स्पीकर आपल्याला उगाचच भारी वाटतो.

आवाज पटला नाही तर लगेच खोकं फोडायला घेऊ नका, आधी जागा बदला. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर भरते. वन बीएचकेचा हॉल एवढा लांब कुठला? म्हणजे तुमचा हॉलसुद्धा स्पीकरचाच भाग झाला की! स्पीकर कोपऱ्यात कोंबला की बेस फुगतो. तो फूटभर पुढे ओढा, ड्रायव्हर कानाच्या उंचीवर आणा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण करा. खर्च शून्य, फरक सॉलिड.

एवढे रविवार घालवल्यावर कान असे काही तयार होतात, की ते पुन्हा झोपी जात नाहीत. पुढच्या वेळी शोरूममधल्या सेल्समनने 'हजार वॅट!' म्हणून छाती फुगवली, तर तुम्हाला आठवेल की वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त 3 डेसिबल. मग शांतपणे सांगा, "दादा, ते राहू दे. आधी जरा तानपुरा लाव ना!"