अपडेटचा मुहूर्त शेतीच्या हंगामावरून काढा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बसवलेला वाय-फायचा पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, हाही एक छोटा संगणकच. त्याच्या आतले फर्मवेअर मोबाईलच्या अपडेटसारखेच अधूनमधून बदलावे लागते. मोबाईल अडला तर एकाची पंचाईत होते, डबा अडला तर साऱ्या गावाची. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आणि बाराशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेलेली योजना गावागावांत फायबर नेण्यासाठीच आहे. पंचायतीपर्यंत तार पोचली की तिथून पुढचा टप्पा बहुतेक बिनतारी असतो. एवढे डबे कधी आणि कोणत्या क्रमाने अद्ययावत करायचे, हे केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. माझ्या मते ते वेळापत्रक शेतीच्या हंगामावरून ठरावे आणि काम रात्री नव्हे, दिवसा व्हावे.

शहरातल्या कार्यालयात असले काम रात्री दोनला उरकतात, कारण तेव्हा कोणी कामावर नसते. गावात हाच युक्तिवाद उलटा पडतो. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो. चांगल्या उपकरणांत जुनी प्रत शाबूत राहते, स्वस्तातल्या कित्येकांत नाही. शंभरात एक डबा बसला असे धरले, तरी बाराशेंत बारा होतात. त्यातला एखादा यवतमाळपासून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उमरखेड तालुक्यात असला, तर मध्यरात्री तिथे जाणार कोण? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, तेव्हाही खरा वेळ गेला तो असंख्य यंत्रांपाशी माणूस प्रत्यक्ष पोचण्यात. ते अपडेट सगळीकडे एकाच वेळी सोडले होते. म्हणून आधी दहा गावे, मग एक तालुका, आठवडाभर निरीक्षण आणि त्यानंतर उरलेले पंधरा. तेही सकाळी, शिडी आणि माणूस हाताशी असताना.

आता महिना. जूनमध्ये पेरणी आणि पीककर्जाची धावपळ, जुलैत पीकविम्याचे अर्ज, ऑगस्ट-सप्टेंबरात ई-पीक पाहणी, दिवाळीच्या आगेमागे कापूस खरेदीची नोंदणी. या काळात सेवा केंद्रातले नेट तासभर गेले तरी रांग दारापर्यंत येते आणि मजुरी बुडवून आलेला माणूस हात हलवत परततो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, त्यात वळवाच्या वादळांनी वीज बेभरवशाची. मार्चअखेर तर पंचायतीच्या वसुलीची. उरतो फेब्रुवारीचा पंधरवडा. कापसाची वेचणी ओसरलेली, हवा कोरडी, रस्ते मोकळे.

सुरक्षेची त्रुटी फेब्रुवारीची वाट पाहते का, हा आक्षेप रास्तच आहे. पण सगळ्या त्रुटी एका तराजूत तोलायच्या नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी ‘क्रॅक’ ही वाय-फायची त्रुटी उघड केली आणि जगभर धास्ती पसरली. तिचा मुख्य धोका फोन-लॅपटॉपला होता, शिवाय हल्लेखोर वाय-फायच्या टप्प्यात असावा लागत होता. ॲक्सेस पॉइंटला झळ बसत होती ती प्रामुख्याने एका डब्यावरून दुसऱ्यावर झटकन सरकण्याची सोय चालू असली तर. एकच डबा असलेल्या गावात ती सोय बंद केली की हंगाम संपेपर्यंत थांबता आले असते. उलट २०१८ चे ‘व्हीपीएनफिल्टर’ हे घातक सॉफ्टवेअर पाहा. ते इंटरनेटवरून येऊन पाच लाखांहून अधिक राउटरांत घुसले. असे काही आले तर जुलै असो की दिवाळी, दोन दिवसांत दुरुस्ती झालीच पाहिजे. मात्र टप्पे तेव्हाही पाळावेत, फक्त आठवड्याऐवजी तासांचे.

टप्प्याटप्प्याने केले तर काही दिवस निम्मे डबे जुन्या आवृत्तीवर राहतील, ही तक्रारही होते. राहू द्यावेत. सगळ्यांचे नियंत्रण करणारा कंट्रोलर आधी अद्ययावत केला आणि त्याला दोन्ही आवृत्त्या चालतात याची खातरजमा केली, तर गावकऱ्याला फरक जाणवतही नाही. अडचण खर्चाची आहे. फिरतीची माणसे, गाडी आणि पुसद, पांढरकवडा, वणी येथे तयार ठेवलेले राखीव डबे हे सगळे निविदेतच लिहावे लागेल. डब्याची किंमत एवढाच निकष ठेवला, तर शिडीचे पैसे कोणी द्यायचे यावरच पहिले भांडण होईल.