‘टू’ हवा की नको?

मागच्या चाचणीत एक चूक झाली. मुलांची नव्हे, माझी! चौथीच्या वर्गाला मी भाषांतरासाठी पाच वाक्यं दिली होती. त्यातलं एक होतं, ‘गोदावरी पूर्वेकडे वाहते.’ एकीने लिहिलं, ‘द गोदावरी फ्लोज ईस्ट.’ मी लाल पेनने ‘ईस्ट’च्या आधी ‘टू’ घुसडला आणि अर्धा गुण कापला. पेपर मिळाल्यावर ती टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, इथे ‘टू’ येत नाही ना?” मी काय म्हटलं असेल? “जागेवर बस!”

रात्री शब्दकोश उघडला, तर बरोबर तीच होती.

आता गंमत बघा. मराठीत अशा वाक्यात दिशा एकटी चालत नाही, तिला शेपूट लागतंच. पूर्वेला, पूर्वेकडे, पूर्वेस. म्हणून आपल्याला वाटतं, इंग्रजीतही ‘कडे’साठी काहीतरी हवंच, आणि आपण ‘टू’ चिकटवतो. पण ‘ईस्ट’ हा शब्द दोन कामं करतो. कधी तो नाम असतो, म्हणजे नुसती ‘पूर्व’. कधी तो क्रियाविशेषण असतो, आणि तेव्हा त्याचा अर्थच ‘पूर्वेकडे’ होतो. ‘कडे’ त्याच्या पोटातच आहे! वर ‘टू’ लावला तर ‘पूर्वेकडेकडे’ म्हटल्यासारखं व्हायचं. ‘घरी जा’ला आपण ‘गो होम’ म्हणतो, ‘गो टू होम’ म्हणतो का? तसंच ‘गो नॉर्थ’, ‘टर्न वेस्ट’. आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या घरासाठी ‘द हाउस फेसेस ईस्ट’.

मग ‘टू’ कधीच नाही? येतो की, पण ‘द’ला सोबत घेऊन. नाशिक पुण्याच्या उत्तरेला आहे. हे ‘नाशिक इज नॉर्थ ऑफ पुणे’ असं सांगता येतं, आणि ‘नाशिक इज टू द नॉर्थ ऑफ पुणे’ असंही. दोन्ही बरोबर. मात्र ‘इन द नॉर्थ ऑफ पुणे’ लिहिलंत, तर अख्खं नाशिक उचलून पुण्याच्या आत नेऊन ठेवलंत! ‘इन द’ म्हणजे आत, ‘टू द’ म्हणजे बाहेर. (सूर्य मात्र ‘इन द ईस्ट’च उगवतो. तिथे ‘टू’ लिहिणारे दरवर्षी भेटतात.)

दुसऱ्या दिवशी मी तो ‘टू’ सगळ्या वर्गासमोर खोडला आणि अर्धा गुण परत दिला. तिने पेपर नीट निरखून पाहिला. मग विचारलं, “बाई, तापी तर उलटी वाहते ना? तिचं वाक्य मी लिहू?” आणि फळ्यावर लिहिलंसुद्धा.

तुम्हीही लिहा पाहू: तापी पश्चिमेकडे वाहते. शब्द चारच हवेत, बरं का!