दोष आईचा नव्हता

1840 च्या दशकात अमेरिकेतील अलाबामात गुलाम आयांची तान्ही बाळे धनुर्वाताने मरत. डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी कवटीचे हाड दबणे हे कारण ठरवले आणि त्या बाळांच्या कवटीवर प्रयोग केले. वर, गरिबी, घाण, आळस आणि खुंटलेली बुद्धी असते तिथेच हा आजार फार, असेही लिहिले.

1884 मध्ये जर्मनीत निकोलायर यांना मातीत खरा जंतू सापडला. तो नाळेच्या जखमेतून शिरतो. आईची बुद्धी पाहत नाही. त्या आयांना घाणीत ठेवले ते गुलामगिरीने.

म्हणून बंधू-भगिनींनो, बाळ दगावले की सुनेला बोल लावू नका. गरोदरपणी टीडीची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती हक्काने घ्या. नाळेवर राख, शेण, हळद काहीही लावू नका.